काढलेलं एक्स्टेन्शन परत कोण टाकतंय? घरच्या एका कॉम्प्युटरचं पूर्ण प्रकरण

काकांच्या घरचा डेस्कटॉप. विंडोज ११, घरातली चार माणसं तोच वापरतात, चौघांना मिळून एकच लॉगिन आणि तेही ॲडमिनचं, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायचा पूर्ण हक्क असलेलं. तक्रारी तीन होत्या. एक, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सतत पॉप-अप येतायत, "तुमच्या पीसीत व्हायरस सापडले", "अँटिव्हायरसची मुदत संपली, आत्ता रिन्यू करा" वगैरे. दोन, ॲड्रेस बारमध्ये काही शोधलं की क्षणभर कुठल्यातरी अनोळखी साईटचं नाव चमकून जातं आणि मग भलतंच सर्चचं पान उघडतं. तीन, काही पानांवर कुठेही क्लिक केलं तरी नवीन टॅब उघडून झिप फाईल आपोआप डाऊनलोड होते.

काका म्हणाले, "अरे मी ते एक्स्टेन्शन काढलं होतं, परत आलं. परत काढलं, परत आलं. आणि आता तर काढायचं बटणच दिसत नाहीये." एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउजरला जोडलेला छोटा जास्तीचा प्रोग्राम. डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, स्कॅन केलं तर हिरवी खूण, काहीही सापडलं नाही. मला तिन्ही तक्रारींपेक्षा काकांचं हे बोलणंच महत्त्वाचं वाटलं. काढलेली गोष्ट परत येते म्हणजे तिला परत आणणारं दुसरं काहीतरी मशीनमध्ये बसलंय, आणि ते सापडेपर्यंत दिसेल ते डिलीट करत बसण्यात काही अर्थ नाही.

म्हणून सुरुवातीला काहीच काढलं नाही. नेटची केबल काढली, पॉप-अपचे आणि सेटिंग्जचे मोबाईलवर फोटो काढले आणि घरातल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, की त्याच वायफायवर तुमच्या फोनमध्ये असं काही होतंय का. कोणालाच होत नव्हतं. हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण राउटरच्या डीएनएसमध्ये (साईटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सोय) कोणी गडबड केली असेल तर शक्यतो बाकीच्या डिव्हाइसवरही त्याची लक्षणं दिसतात, इथे ती नव्हती म्हणजे शोध बहुतेक या एकाच मशीनपुरता. तरी नंतर राउटरमध्ये जाऊन डीएनएस तपासून घेतला, ठीक होता.

दुसरं काम मशीन साफ करायच्याही आधी केलं आणि माझं ठाम मत आहे की हा क्रम असाच हवा: पासवर्ड बदलणं, आणि ते या कॉम्प्युटरवरून नाही तर फोनवरून. सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड रीसेट होतात ते ईमेलवरूनच. मग बँक, मग बाकीचे. आणि पासवर्ड बदलून थांबायचं नाही, "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" हा पर्याय असेल तिथे तो दाबायचाच, कारण हल्लीचे चोर प्रोग्राम पासवर्डच्या मागे लागतातच पण ब्राउजरच्या कुकीजही (तुम्ही लॉगिन केलंय हे साईटला सांगणारी साठवलेली खूण) उचलतात, आणि लॉगिन झालेल्या सेशनची कुकी हातात असेल तर पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. क्रोमने २०२४ मध्ये विंडोजवर कुकीजसाठी जास्त कडक एन्क्रिप्शन आणलं हे खरं, पण ज्या प्रोग्रामला आपण स्वतःच ॲडमिनचे हक्क देऊन बसलोय त्याच्यापुढे त्या भिंतीवर विसंबून राहू नये. ईमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टरही बघितले, कारण कोणी गुपचूप मेल दुसरीकडे वळवून ठेवलं असेल तर पासवर्ड बदलल्यावरही ते चालूच राहतं. तसं काही नव्हतं.

आता पॉप-अप. नीट बघितलं तर प्रत्येक पॉप-अपवर बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका साईटचा पत्ता होता. म्हणजे ही व्हायरसने उघडलेली खिडकी नव्हती, हे ब्राउजरचं साधं नोटिफिकेशन होतं, जे कधीतरी कोणीतरी "अलाऊ" दाबून स्वतः चालू केलेलं असतं. ती पानं कशी असतात बघा, "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" किंवा "व्हिडिओ बघायला अलाऊ दाबा". खऱ्या कॅप्चाला नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही. एकदा परवानगी दिली की ती साईट उघडी नसतानाही नोटिफिकेशन येत राहतं, आणि क्रोम बॅकग्राउंडला चालू राहत असेल तर खिडकी बंद केल्यावरही येतं, त्यामुळे माणसाला वाटतं की कॉम्प्युटरच बोलतोय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी मिळालेल्या साईटची यादी असते. इथे ती लांबलचक होती, बहुतेक नावं अर्थ नसलेल्या अक्षरांची. सगळी काढली, आणि वरचा मुख्य पर्यायच "साईटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" असा करून ठेवला. थोडा वेळ नेट जोडून बघितलं, पॉप-अप थांबले होते.

इथे बरेच लोक झालं म्हणून उठतात, आणि घरातल्यांनाही तसंच वाटलं, कारण डोळ्याला दिसणारा त्रास संपला होता. पण सर्च अजून वळतच होतं, म्हणून केबल परत काढली.

आपोआप येणाऱ्या झिप फाईलबद्दल काकू फार घाबरल्या होत्या, डाऊनलोड्स फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फाईली एक, दोन, तीन असे आकडे लागून साठल्या होत्या. त्यांना सांगितलं की काकू, फाईल नुसती येऊन पडली म्हणजे मशीन बिघडलं असं नसतं, कोणीतरी ती उघडून आतलं चालवावं लागतं, म्हणूनच तर चोर फाईलला "इन्व्हॉइस" किंवा "सेटअप" असली नावं देतात. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा तुकडा (यालाही एक्स्टेन्शनच म्हणतात, पण ब्राउजरच्या एक्स्टेन्शनशी त्याचा संबंध नाही) लपवून ठेवतं त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" ही फाईल नुसती "बिल डॉट पीडीएफ" दिसते, म्हणून फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू केलं. आणि क्रोमच्या डाऊनलोड सेटिंगमध्ये प्रत्येक फाईल कुठे सेव्ह करायची ते आधी विचार हे चालू केलं, म्हणजे निदान गुपचूप काही उतरत नाही, खिडकी समोर येतेच.

मग एक्स्टेन्शनकडे वळलो. क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली लिहिलं होतं की हा ब्राउजर तुमच्या संस्थेकडून मॅनेज होतोय. घरच्या कॉम्प्युटरला कसली संस्था! ऑफिसच्या किंवा शाळेच्या लॅपटॉपवर ही ओळ दिसणं बरोबर आहे, तिथे काही छेडू नका, आणि कधी कधी एखादा साधा अँटिव्हायरसही पॉलिसी, म्हणजे ब्राउजरवर बाहेरून लादलेला नियम, लावतो त्यामुळे ही ओळ दिसली की लगेच घाबरायचं नाही, आधी कुठली पॉलिसी आहे ते वाचायचं. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाईप केलं की ते पान उघडतं. तिथे एकच पॉलिसी होती, एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट, म्हणजे हे एक्स्टेन्शन सक्तीने टाका आणि वापरणाऱ्याला काढू देऊ नका. तिच्यापुढे एक्स्टेन्शनचा आयडी, बत्तीस अक्षरांचा, जो क्रोममध्ये कायम इंग्रजीतल्या ए ते पी या अक्षरांचाच असतो. काढायचं बटण का गायब झालं त्याचं उत्तर हेच. ही सोय कंपन्यांसाठी बनवलेली आहे, हजार मशीनवर एकदम एक्स्टेन्शन टाकता यावं म्हणून, आणि चोरांनी तीच उचलली.

पॉलिसी राहते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे: एचकेईवाय लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. तिथली नोंद आधी एक्सपोर्ट करून ठेवली आणि मग काढली, क्रोम परत चालू केला, एक्स्टेन्शन निघालं. मुद्दाम थांबलो. पीसी रीस्टार्ट केला, थोड्या वेळाने रजिस्ट्री बघितली तर नोंद जशीच्या तशी परत. नेटची केबल काढलेली असताना! म्हणजे ती नोंद लिहिणारं जे काही आहे ते मशीनच्या आतच आहे आणि ठराविक वेळी उठतंय.

विंडोजमध्ये ठराविक वेळी काहीतरी उठवायची जागा म्हणजे टास्क शेड्युलर. लोक स्टार्टअप ॲप्सची यादी बघतात, टास्क मॅनेजर बघतात, पण टास्क शेड्युलर उघडून बघणारे फार कमी, आणि नेमकं तिथेच हे बसतं. तिथल्या लायब्ररीत एक टास्क होतं, नाव एकदम सरकारी थाटाचं, अपडेट, सर्व्हिस, चेक असे शब्द जोडलेलं. ट्रिगर दोन: कोणी लॉगिन केलं की, आणि शिवाय दर काही तासांनी. ॲक्शनमध्ये प्रोग्राम म्हणून पॉवरशेल. आता पॉवरशेल हा लिहिलेल्या कमांड चालवणारा, मायक्रोसॉफ्टचाच, विंडोजबरोबर येणारा, त्यांची डिजिटल सही असलेला प्रोग्राम आहे, त्यामुळे नुसतं प्रोग्रामचं नाव बघून सगळं ठीक वाटतं. खरा मजकूर त्याच्या पुढच्या आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत असतो, म्हणजे त्या प्रोग्रामने काय करायचं ते जिथे लिहिलेलं असतं. इथे तिथे लिहिलं होतं, खिडकी लपवून चालव, आणि प्रोग्रामडेटा फोल्डरमधली अमुक स्क्रिप्ट उघड. प्रोग्रामडेटा हे फोल्डर एक्सप्लोररमध्ये मुळात लपवलेलं असतं, तेवढं त्यांना पुरतं.

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडून वाचली, चालवली नाही. अर्धा भाग मुद्दाम गुंतागुंतीचा केलेला, पण दोन कामं स्पष्ट दिसत होती. एक, रजिस्ट्रीत ती पॉलिसी आहे का बघ, नसेल तर लिही. दुसरं काम जास्त वाईट: एका पत्त्यावर जाऊन तिथून जो मजकूर येईल तो तसाच चालव. हे वाक्य नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर ठरला.

हे काही एकट्या काकांच्या नशिबी आलेलं नाही. २०२२ मध्ये क्रोमलोडर नावाचा प्रकार पसरला होता, फुकट गेम किंवा क्रॅक सॉफ्टवेअर म्हणून आयएसओ फाईल (आख्ख्या डिस्कची नक्कल असलेली फाईल) द्यायची, आतून पॉवरशेल आणि शेड्युल केलेलं टास्क वापरून क्रोममध्ये एक्स्टेन्शन घुसवायचं आणि सर्च वळवायचा. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये रीझनलॅब्स या सिक्युरिटी कंपनीने अशाच सक्तीच्या एक्स्टेन्शनची एक मोहीम उघड केली, क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउजर मिळून किमान ३ लाख लोकांना लागलेली, त्यातही ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या नावाने खोट्या डाऊनलोड साईट, टास्क शेड्युलर, पॉवरशेल आणि रजिस्ट्रीतली पॉलिसी हेच सगळं. म्हणून असा त्रास झालेल्या कोणालाही मी आधी टास्क शेड्युलर उघडायला सांगतो.

आता डिफेंडरची ती हिरवी खूण. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्स्क्लूजन्स, म्हणजे डिफेंडरने कुठे बघायचं नाही त्याची यादी. घरच्या साध्या पीसीवर ही यादी बहुतेक रिकामी असते. इथे आख्खं प्रोग्रामडेटा फोल्डर त्यात घातलेलं होतं. डिफेंडर खोटं बोलत नव्हता, त्याला तिकडे बघूच नको असं सांगून ठेवलं होतं, आणि ॲडमिनचे हक्क मिळालेला कुठलाही इन्स्टॉलर हे एका ओळीत करू शकतो. ती नोंद काढून फुल स्कॅन लावला तर स्क्रिप्टही पकडली आणि डाऊनलोड्समधला एक जुना इन्स्टॉलरही. मला विचाराल तर "स्कॅनमध्ये काही आलं नाही" असं कोणी सांगितलं की पहिला उलटा प्रश्न हाच, एक्स्क्लूजन्स बघितलंत का?

हे आलं कुठून ते शोधायला तारखा जुळवल्या. टास्कची फाईल विंडोजच्या सिस्टम ३२ मधल्या टास्क्स फोल्डरमध्ये असते, तिची बनल्याची तारीख आणि वेळ, स्क्रिप्टची वेळ आणि कंट्रोल पॅनेलमध्ये इन्स्टॉल तारखेने लावलेली प्रोग्रामची यादी. तिन्हींत एकच संध्याकाळ. त्याच संध्याकाळी डाऊनलोड्समध्ये एक व्हिडिओ कन्व्हर्टरचा इन्स्टॉलर आलेला, आणि विंडोज डाऊनलोड केलेल्या फाईलला झोन आयडेंटिफायर नावाची एक लपलेली नोंद चिकटवतं ज्यात बऱ्याचदा फाईल कुठल्या पत्त्यावरून आली तेही असतं, ती पॉवरशेलने वाचता येते. पत्ता त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा नव्हता, नाव मात्र जवळजवळ तसंच.

घरात विचारल्यावर सगळे गप्प. मग मी धाकट्या चुलत बहिणीला बाजूला बसवून म्हटलं, "तुला कोणी रागावणार नाहीये गं, फक्त त्या दिवशी काय काय दाबलंस ते आठवेल तसं सांग." तिने सांगितलं: शाळेच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये हवा होता, सर्च केलं, सगळ्यात वरची लिंक उघडली, ती जाहिरात होती हे दिसलंच नाही, इन्स्टॉल करताना "रेकमेंडेड" आणि नेक्स्ट, नेक्स्ट, आणि मध्ये एकदा सूचना आली की अँटिव्हायरस अडवत असेल तर तो थोडा वेळ बंद करा. तिने बंद केला. कन्व्हर्टर खरंच चालला, व्हिडिओ बदलून मिळाला, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. ही माहिती कुठल्याही स्कॅनरने दिली नसती. घरात मुलांवर या गोष्टीवरून ओरडलं की पुढच्या वेळी ती सांगतच नाहीत, आणि मग हेच पाव तासाचं काम आठवडाभर चालतं, म्हणून मी काका-काकूंनाही हात जोडून सांगितलं की तिला बोलू नका.

साफ करायचा क्रम असा लागला: नेट बंद ठेवून आधी टास्क एक्सपोर्ट करून डिलीट, मग चालू असलेला पॉवरशेल टास्क मॅनेजरमधून बंद, मग स्क्रिप्ट, मग तो कन्व्हर्टर आणि त्याच्याबरोबर आलेला एक "ब्राउजर असिस्टंट" अनइन्स्टॉल, मग रजिस्ट्रीतली पॉलिसी, आणि सगळ्यात शेवटी एक्स्टेन्शन. उलट्या क्रमाने केलं की काकांचं जे झालं तेच होतं. एजमध्येही पॉलिसीचं तसंच पान आहे, तेही बघितलं. शिवाय डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी काही जास्तीचं चिकटवलंय का, विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारी सोय) चालू आहे का आणि होस्ट्स फाईलमध्ये (साईटचं नाव परस्पर दुसऱ्या पत्त्याला जोडू शकणारी यादी) काही ओळी घुसवल्यात का, हे तिन्ही बघितलं, स्वच्छ होतं. नंतर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स चालवून आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची आख्खी यादी एकदा डोळ्याखालून घातली आणि डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन लावला, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला फारशी जागा राहत नाही.

काका मध्येच म्हणाले, दोन-तीन क्लीनर टाकू का अजून? नाही. एक मालवेअरबाइट्सचा ॲडवेअर काढणारा स्कॅनर त्यांच्या स्वतःच्या साईटवरून घेऊन चालवला तेवढा पुरे. "पॉप-अप कसे काढायचे" असं शोधल्यावर जे फुकट क्लीनर वर येतात त्यातले बरेच स्वतःच तसल्या जातीचे असतात. आणि क्रोमच्या आतला क्लीनअप टूल अजूनही काही जुन्या लेखांत सांगतात, तो गूगलने २०२३ मध्येच काढून टाकलाय, शोधत बसू नका.

एवढं झाल्यावर मशीन शांत झालं. रीस्टार्ट केलं, नेट जोडलं, पॉलिसी परत आली नाही. तरीही मी काकांना म्हटलं की आपण विंडोज पूर्ण रीसेट करूया, आणि यावर आमची बरीच चर्चा झाली, कारण सगळं चालतंय तर पुन्हा कशाला हा त्यांचा प्रश्न रास्त होता. कारण स्क्रिप्टचं ते दुसरं काम. बाहेरून येईल ते चालव असं सांगणारी गोष्ट इतके दिवस ॲडमिनच्या हक्काने चालत होती, त्या काळात काय काय आलं आणि चालून स्वतःला पुसून गेलं हे आता कोणीच सांगू शकत नाही, ना मी, ना कुठला स्कॅनर. फक्त नोटिफिकेशनचा त्रास असता तर परवानग्या काढून मी घरी गेलो असतो, नुसतं एक साधं एक्स्टेन्शन असतं तरी रीसेट सुचवला नसता, पण ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे ही शंका ठेवून जाणं मला पटत नव्हतं.

मग आधी हा सगळा शोध कशासाठी? कारण न शोधता रीसेट केलं असतं तर तोच इन्स्टॉलर बॅकअपमधून परत आला असता. बॅकअपला फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं घेतली, एकही इन्स्टॉलर नाही, एकही झिप नाही, आणि ती ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर स्कॅन केली. रीसेट करताना "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि क्लाउड डाऊनलोड घेतलं, म्हणजे विंडोजच्या ताज्या फाईली मायक्रोसॉफ्टकडून उतरतात, त्याला ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो. लायसन्सची काळजी नव्हती, त्याच हार्डवेअरवर डिजिटल लायसन्स असेल तर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

सिंकचा विषय इथे निघाला आणि तो बहुतेकजण विसरतात. काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर तेच क्रोम अकाउंट होतं, आणि तिथे नवीन टॅबचं एक एक्स्टेन्शन दिसत होतं, स्टोअरमधून आलेलं, सक्तीचं नाही पण कोणाला ते टाकल्याचं आठवतही नव्हतं. सिंक चालू असेल तर एक्स्टेन्शन, सर्च इंजिनच्या नोंदी, सुरुवातीचं पान असल्या गोष्टी एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात. म्हणून त्या लॅपटॉपवर हेच सगळं तपासलं, टास्क वगैरे काही नव्हतं, एक्स्टेन्शन काढलं, गूगल अकाउंटमधून क्रोमचा सिंक झालेला डेटा पुसला आणि मगच नव्या विंडोजवर साइन इन केलं. बुकमार्क आधी फाईलमध्ये काढून ठेवले होते, नाहीतर काकू बरोबर चिडल्या असत्या.

नव्या मांडणीत प्रत्येकाला वेगळं लॉगिन, सगळी स्टँडर्ड, आणि ॲडमिनचं एक वेगळं ज्याचा पासवर्ड काकूंकडे. म्हणजे कुठल्याही इन्स्टॉलरने ॲडमिनचे हक्क मागितले की काकूंना बोलवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात "हे कुठून घेतलंस?" हा प्रश्न आपोआप विचारला जातो. विंडोज सिक्युरिटीत रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनमध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय चालू असल्याची खात्री केली, ॲप्स आणि डाऊनलोड्स दोन्ही खुणा. बहिणीला एक नवा प्रकार मुद्दाम सांगून ठेवला, कारण २०२४ पासून तो फार वाढलाय: एखादं पान "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणून विंडोज आणि आर दाबायला, मग कंट्रोल व्ही आणि एंटर दाबायला सांगतं. पानाने आधीच एक कमांड गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि आपण स्वतःच्या हाताने ती चालवतो, त्यात डाऊनलोड झालेलंही काही दिसत नाही. असं पान आलं की टॅब बंद.

आणि सगळं ताजं असतानाच टास्क शेड्युलरच्या लायब्ररीचा, इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामचा आणि रिकाम्या एक्स्क्लूजन्सचा स्क्रीनशॉट काढून काकांच्या फोनमध्ये ठेवला. पुन्हा कधी काही विचित्र वाटलं तर नवं काय आलंय ते दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्यांना स्वतःलाच बघता येईल.